काळुंदर

आधी बॅटरी काढायची.
एकतीस वर्षं चोडणच्या फेरीबोटीचं इंजिन सांभाळलं मी,
तिथेही हाच नियम: आधी प्राण काढून बाजूला ठेवायचा,
मग पोटात हात.

नऊ स्क्रू. चहाच्या बशीत ठेवले.
त्यातला एक इतरांहून लांब. तो कुठला
हे कागदावर लिहून ठेवलं, कारण आता
मी स्वतःवर तेवढा विश्वास टाकत नाही.

लॅपटॉप सुलक्षाचा. तिने नवा घेतला,
जुना मला दिला. "बाबा, वायफाय मेलंय, बाकी ठीक आहे."
एखाद्या म्हाताऱ्याबद्दल सांगावं तसं:
ऐकू येत नाही, बाकी धडधाकट.

नवं कार्ड काडेपेटीहून लहान,
माझ्या अंगठ्याखाली दिसेनासंच होतं.
दोन तारा, एक काळी, एक पांढरी,
बिजागरीतून पडद्याच्या कडेला चढलेल्या,
टोकाला मोहरीएवढी सोनेरी टोपी.
काळी इथे, पांढरी तिथे. दाबायचं. बसत नाही.
चष्मा पुसला. पुन्हा.
मग टक्.
एवढुसा आवाज मी कामावर कधी ऐकला नव्हता,
तिथे सगळं ओरडूनच सांगतात.

सुरू केलं. यंत्र म्हणालं,
कार्ड दिसतंय, फर्मवेअर नाही.
फर्मवेअर कुठे? इंटरनेटवर.
इंटरनेट कशावर? या कार्डावर.
लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही,
वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही.
मी छत्री घेतली आणि धक्क्यावर गेलो.

रायबंदरला आग्नेलने पेनड्राइव्हवर
इवलीशी एक फाइल घालून दिली, पैसे घेईना.
खिशाला दोनदा हात लावत मांडवी ओलांडली.
जिचा सगळा धंदा हवेतला,
ती पाण्यावरून घरी आली.

तरी काही दिसेना.
दोन तास गेले. मग पुढच्या कडेला बोट लागलं:
एक चिमुकलं बटण, बंद.
म्हणजे जुनं कार्ड कदाचित मेलंच नव्हतं.
हे सुलक्षाला सांगणार नाही.

बटण सरकवलं, आणि ओसरीवर माणसं आली.
'पॉलिना किचन'. 'पंचायत २'.
'विचारू नये'. 'मानशीकार'.
आणि सगळ्यांत वर, चारही दांड्या भरलेलं,
कुलूप घातलेलं, 'रोहिदास नवं घर'.

रोहिदास माझा धाकटा. मधे एक भिंत.
खाजनातल्या वाट्यावरून कोर्टात गेलो,
त्याला चौदा वर्षं झाली, तेव्हापासून शब्द नाही.
आणि हे त्याचं रोज
माझ्या ताटावरून, उशीवरून
येत-जात होतं, भिंत कोणी बांधलीच नव्हती जणू.

पासवर्ड मला ओळखता आला असता.
शाळेच्या सायकलच्या कुलपापासून
तो एकच आकडा वापरतो.
हात लावला नाही.

या कार्डाला ऐकता येतं तशी हाकही मारता येते,
आग्नेल बोलता बोलता म्हणाला होता.
आपलं स्वतःचं नेटवर्क लावायचं,
त्यात इंटरनेट असलंच पाहिजे असं नाही.
लावलं. कुलूप नको म्हटलं.
नाव विचारलं, तेव्हा एका बोटाने लिहिलं:
काळुंदर.

मी अकरा, तो आठ. फळ्या चोरून
होडी केली होती, पहिल्याच ओहोटीला
चिखलात रुतली, तिथेच कुजली.
हे नाव तिसऱ्या कोणाला माहीत नाही.

खाली येतंय, जोडलेली उपकरणे: शून्य.
शेवटच्या फेरीचा भोंगा होऊन गेला.
झाकण मिटलं नाही मी.
बशीत एक स्क्रू राहिलाय, तो लांबवाला.
कुठला ते कागदावर आहे.
उद्या बघू.